आमटीचं पातेलं

सई,

मंगळवारी तू दप्तर खांद्यावरून न काढताच विचारलंस, "आई, पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे खरं आहे की तुम्ही मला नुसतं शिकवलंत?" शाळेत पुस्तकाला तुझा पाय लागला, हात सवयीनं आधी पुस्तकाला आणि मग कपाळाला गेला, आणि ती तुझी मैत्रीण सगळ्यांसमोर हसली. वर तू वकिलासारखा पुरावाही आणला होतास. गेल्या जुलैत सांगलीला आजीनं आमटीचं गरम पातेलं चक्क पुस्तकावर टेकवलेलं तू पाहिलंयस. मी म्हटलं, हात धू, मग बोलू. मग बोललेच नाही. "नुसतं शिकवलंत" हे जरा लागलं मला.

म्हणून लिहितेय. मराठीतच लिहितेय, हळूहळू वाच. अडलं तर बाबांना विचार.

आधी पातेल्याचं बघू. आजीच्या मते तू पाहिलंस ते पुस्तक नव्हतंच, तो जुना दिवाळी अंक होता. पोथी वेगळी, पुस्तक वेगळं, अंक वेगळा आणि वर्तमानपत्र तर अगदीच वेगळं, त्यावर मेथी निवडली तरी चालते. दिवाळी अंकाला पुस्तक म्हणायचं की नाही यावर तिचं आणि आबांचं शेवटपर्यंत जमलं नाही. आबा म्हणायचे, छापलंय ना, मग पुस्तकच. आजी म्हणायची, मग रेशनकार्डालाही नमस्कार करा.

पण खरं सांगू? खऱ्या पुस्तकावरही तिनं पातेलं ठेवलंय. मी तिसरीत होते. खणभागातल्या घरात तेव्हा ओट्याच्या टोकाला डाळीचा डबा असायचा आणि त्याला टेकून पुस्तक. आजी उभ्यानं वाचायची. एका हातात उलथनं, चष्म्यावर फोडणीचे थेंब. पान उलटायचं तर बोटं पिठाची, म्हणून ती करंगळीनं उलटायची. वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकात कुठे ना कुठे तिच्या करंगळीचा पिवळा ठसा असायचा. सांगलीच्या घरात हळद कमी का असते! कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे होतं, कारण तिला त्या ऐकूच यायच्या नाहीत. "किती झाल्या गं?" "चार." "अगं बाई, तीनला बंद करायचा होता!" आमच्याकडे वरण नेहमी जरा जास्तच मऊ असायचं.

तर अशाच एका संध्याकाळी पातेलं हातात, चटका बसतोय, खाली ठेवायला जागा नाही. तिनं ते समोरच्या कादंबरीवर टेकवलं. उचललं तेव्हा कव्हरवर गोल डाग, चंद्राला खळं पडतं तसा. पुस्तक वाचनालयाचं. शनिवारी ती स्वतः गेली, डाग दाखवला, किंमत भरली आणि पुस्तक घरी घेऊन आली. येताना म्हणाली, "बरं झालं, हे मला हवंच होतं."

बेबीमावशीला बघायला आले त्या दिवसाची गोष्ट तुला मावशी तिखटमीठ लावून सांगेलच. थोडक्यात, पोहे करपले, कारण कादंबरीची शेवटची वीस पानं राहिली होती. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले, आत धूर. आजीनं डब्यातलं भडंग काढलं, वर कांदा-कोथिंबीर टाकली आणि बशा बाहेर पाठवल्या. काका आजही म्हणतात, मी भडंगाला हो म्हटलं.

आता नमस्काराचं. मला कुणी बसवून शिकवलं नाही. आजी तर कधीच काही बसून शिकवायची नाही. माझा पाय लागला की ती नुसती बघायची, बस्स. त्या बघण्याला मी घाबरायचे. एकदा मात्र ओरडा खाल्ला होता, गणिताच्या पुस्तकावर मुद्दाम पाय ठेवला होता म्हणून. गणित मला यायचं नाही, राग होता. आजी म्हणाली, "त्याचा काय दोष?" इतकंच. तेव्हापासून माझ्या मनात पुस्तक म्हणजे कुणीतरी घरातलं माणूस, ज्याचा दोष नाही. आता याला तू धर्म म्हण, संस्कार म्हण, नाहीतर खोड म्हण.

दसऱ्याला तर मजा असायची. पाटीवर १ चे आकडे ओळीनं काढून सरस्वती करायची, सगळी पुस्तकं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आपट्याची पानं ठेवायची. आणि पूजेतल्या पुस्तकाला हात लावायचा नाही, म्हणजे अभ्यास बंद! नंदूमामा आदल्या रात्रीच आपली सगळी पुस्तकं पूजेला नेऊन ठेवायचा, एकही मागे राहू नये म्हणून. आजी मात्र सगळं मांडून झाल्यावर वाचनालयाचं चालू पुस्तक हळूच उशीखाली सरकवायची. "ते परकं आहे, आपल्या पूजेत कशाला?" दुपारी घर झोपलं की ती वाचत पडायची. तेव्हा तू एकटीच आजीला पकडलंयस असं समजू नकोस.

एक गोष्ट मात्र मला आता खटकते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी माझ्याच वयाची होती. तिची शाळा पाचवीतच सुटली. एकदा केर काढताना तिचा झाडू माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला लागला, तर तिनं पटकन खाली वाकून नमस्कार केला. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आता वाटतं. ज्या पुस्तकापर्यंत तिला कुणी पोचू दिलं नाही, त्याच्याच ती पाया पडत होती. आजीनं तिला गोष्टींची पुस्तकं दिली होती असं मला आठवतं, पण ते खरं आठवतंय की माझ्या सोयीनं, ते सांगता येत नाही. तुझ्या मैत्रिणीच्या हसण्यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर देणं मला जड जातं.

आणि तो पूर. २०१९ चा ऑगस्ट. तू लहान होतीस, तुला एवढंच आठवतं की आई सारखी फोन बघायची. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना पाऊस किती झाला असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा जुना पूल, १९२९ सालचा. ४५ फूट म्हणजे धोका. २००५ च्या पुरात पाणी ५३ च्या पुढे गेलं होतं, तरी आपल्या उंबऱ्यालाच थांबलं होतं. त्यामुळे आजी निर्धास्त. नंदूमामा न्यायला आला तर म्हणे, "अरे, उंबऱ्याशी थांबतंय ते, मला ठाऊक आहे." या वेळी ते ५७ फुटांवर गेलं.

मामा ओढून घेऊन गेला तिला विश्रामबागला. निघताना तिनं पोथ्या माळ्यावर टाकल्या, औषधं आणि पासबुक पिशवीत घेतलं. आणि मग गव्हाच्या मोठ्या डब्याखाली, तो उंच व्हावा म्हणून, काय सरकवलं असेल? आबांचे विश्वकोशाचे जाडे खंड. एकावर एक चार. मामा बघतच राहिला.

त्या खंडांचं तुला सांगायला हवं. आजीचं माहेर वाई. मराठी विश्वकोश वाईलाच तयार होत आला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ चा. आबांनी एकेक खंड पैसे साठवून घेतला, बायकोच्या माहेरचा म्हणून. म्हणजे ते असं सांगायचे. आजी म्हणायची, ह्यांना कपाट भरलेलं दिसायला हवं होतं.

पाणी ओसरल्यावर मामानं दार उघडलं. चिखल, वास. खंड फुगून डब्याखाली घट्ट अडकले होते, एकमेकांना चिकटून एकच वीट झाली होती. नगर वाचनालयातही पाणी शिरलं होतं, तिथल्या पुस्तकांचा लगदा झाला. मी इथे ग्लासगोत, कोरड्या मोज्यांत, फोन कानाला लावून उभी. मला वाटलं आजी रडेल. ती म्हणाली, "गहू वाचला बघ. आणि कृष्णा वाईवरूनच येते ना, माहेरची पुस्तकं माहेरच्या पाण्यानं नेली. आपण काय बोलायचं?" मग थोडं थांबून, "ते उचलून बाहेर टाकताना मी पाया पडले हो त्यांच्या. पाय द्यावा लागला होता, सुटेनात."

वाचलं ते एकच, डागाची कादंबरी. ती फडताळात अगदी वरच्या फळीवर, मसाल्याच्या डब्यांमागे होती, कारण आजीला अजून ओट्याशीच वाचायचं असतं. मागच्या खेपेला तिनं ती मला दिली. तुझ्या ॲटलासच्या शेजारी आहे, कव्हरला हात लावून बघ, डाग किंचित खोलगट लागतो.

तर शाळेत लाज वाटत असेल तर नको करूस नमस्कार. खरंच. मी रागावणार नाही, आणि आजीला कळवणारही नाही. घरी माझा हात जाईल, तू बघून न बघितल्यासारखं कर. आणि पुस्तकाला कळतं का, हे जे तू झोपताना पुटपुटलीस, ते रविवारी आजीलाच विचार. फक्त फोन लागला की आधी विचार, गॅसवर काही आहे का.

तुझी,
आई