पणजीचा पिनकोड मूळ संख्या आहे का?

प्रश्न : पणजीचा पिनकोड ४०३००१ ही मूळ संख्या आहे का? ५० पर्यंत सगळ्या संख्यांनी भागून पाहिले, भाग जात नाही. अजून किती पुढे जायचे? आणि आमच्या म्हापशाच्या ४०३५०७ चे काय? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : ४०३००१ ही मूळ संख्याच आहे, पण ५० वर थांबून तसे म्हणता येणार नाही. ६३५ चा वर्ग ४०३२२५, म्हणजे पिनकोडपेक्षा मोठा. तेव्हा अवयव असतीलच तर त्यांतला एक तरी ६३४ च्या आत सापडायला हवा. भागायचे तेही फक्त मूळ संख्यांनी. २ आणि ३ ने भाग गेला नाही तर ६ ने भागणे फुकटचे. ६३४ पर्यंत अशा ११५ मूळ संख्या आहेत.

२, ३, ५ पाहताक्षणी बाद होतात. ७, ११ आणि १३ यांना मिळून एकच वजाबाकी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. पहिले तीन अंक आणि शेवटचे तीन अंक यांतला फरक काढा : ४०३ − १ = ४०२. याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, म्हणून पिनकोडलाही जात नाही. म्हापशासाठी ५०७ − ४०३ = १०४, म्हणजे ८ × १३. तिथेच निकाल लागला : ४०३५०७ = १३ × ३१०३९. मडगावच्या ४०३६०१ मध्ये फरक १९८ येतो, त्याला ११ ने भाग जातो.

पणजीसाठी मात्र १०९ भागाकार उरतात. त्यांत एखादा अंक चुकला तर खरा अवयव निसटतो आणि चूक कळतही नाही. म्हणून गणितज्ञ ऑयलरची रीत सांगतो, ती फार सुंदर आहे. ४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून नेमकी एकाच प्रकारे लिहिता येते. उलटही खरे : तशी विषम संख्या एकाच प्रकारे लिहिता आली आणि त्या दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसेल, तर ती मूळ.

त्या दोन संख्यांतली एक सम, एक विषम. ४०३००१ ला ८ ने भागून १ उरतो, विषम वर्गालाही १ च उरतो; म्हणून सम संख्या ४ च्या पटीत हवी. ३ ने भागून २ उरतात, म्हणून दोन्हींपैकी एकही ३ च्या पटीत नाही. २५ ने भागून १ उरतो. त्यावरून सम संख्या एकतर २० च्या पटीत, नाहीतर शेवटी २४ किंवा ७६ असलेली. ६३४ पर्यंत अशा फक्त २९ संख्या उरतात. प्रत्येकीचा वर्ग ४०३००१ मधून वजा करा आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का पाहा. एकदाच जमते :

५६०² + २९९² = ३१३६०० + ८९४०१ = ४०३००१

२९९ = १३ × २३, आणि ५६० ला यांपैकी कशानेच भाग जात नाही.

सामाईक विभाजकाची अट बहुतेक जण विसरतात. ४५ = ६² + ३² हेही एकाच प्रकारे होते, पण ६ आणि ३ दोन्हींना ३ ने भाग जातो आणि ४५ मूळ नाही. दोन प्रकार सापडले तर संख्या मूळ नाहीच, जसे ६५ = ८² + १² = ७² + ४². म्हापशाच्या ४०३५०७ वर ही रीत लावू नका. त्याला ४ ने भागून ३ उरतात, आणि अशी कुठलीही संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही.