इंटिमेट वॉशच्या बाटलीवर काय छापलेले असावे?

प्रश्न : मी कोपरखैरणे येथे राहते. ‘अंगावरून पांढरे जाणे थांबते’ असे छापलेले एक इंटिमेट वॉश (गुप्तांगाच्या स्वच्छतेचे द्रव) मी ऑनलाइन मागवले. दोन-तीन वेळा वापरताच जळजळ सुरू झाली. बाटलीवर उत्पादकाचा पत्ता नाही. अशा उत्पादनांना नियम असतात का? तक्रार कोठे करावी?

उत्तर : नियम आहेत, आणि आपल्या हातातील बाटली त्यांत बसत नाही. केवळ स्वच्छतेसाठी विकले जाणारे इंटिमेट वॉश कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरते. त्याला औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियम, १९४० आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. त्यानुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, वापराची अंतिम मुदत आणि घटकांची यादी असावी लागते; माल परदेशी असल्यास नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचे नाव-पत्ताही. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात, मात्र एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने देता येतात. सुगंधी द्रव्य बहुधा तेथेच सापडते आणि नाजूक त्वचेला त्याचे अल्प प्रमाणही झोंबू शकते, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचावी.

मला अधिक गंभीर वाटतो तो पांढरे जाणे थांबवण्याचा दावा. विकार बरा करण्याचा दावा करणारे उत्पादन औषधाच्या कक्षेत येते आणि सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर ते तसे विकता येत नाही. शिवाय थोडा स्राव नैसर्गिकच असतो. प्रजननक्षम वयात निरोगी योनीमार्गाचा पीएच (आम्लता दर्शवणारा आकडा) साधारण ३.८ ते ४.५ असतो, तो तेथील उपकारक जिवाणू राखतात, आणि आतून धुण्याने नेमके तेच नष्ट होतात. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. वापर आजच थांबवावा. जळजळ राहिली, स्रावाला दुर्गंधी आली, रंग बदलला, ओटीपोटात दुखू लागले किंवा आपण गर्भवती असाल, तर संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

बाटली मात्र फेकू नये. तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे, बिल आणि ऑर्डरचा तपशील जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे येथील कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही कळवावे. ई-वाणिज्य नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. तेथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.