'बोल्ड' म्हणजे धीट नव्हे : कॉर्कला निघालेल्या मुलीला

तुझा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात राहतेस, महापे एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीला, सहा वर्षं काढलीस, आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या औषध कंपनीची ऑफर हातात आहे, इंग्रजीच्या आयल्ट्स परीक्षेत सात बँड आले आहेत. तरी इंटरव्ह्यूत 'तुमचे सहकारी तुमचं वर्णन कसं करतील?' असं विचारल्यावर 'हार्डवर्किंग, डेडिकेटेड, पंक्चुअल' याच्या पुढे गाडी सरकली नाही, आणि ते मनाला लागलंय. निघायला दोन महिने आहेत म्हणून स्वभाववर्णनाच्या शब्दांची एक भलीमोठी यादी घेऊन रोज वीस शब्द पाठ करतेयस. 'गॅर्युलस', 'लोक्वेशस' झाले, आता 'पुसिलॅनिमस'वर (म्हणजे भेकड) आहेस. शिवाय नौपाड्यातल्या एका क्लासला फी भरावी का, हेही विचारलंयस. मला ताई म्हणालीस, तेव्हा मी अहो-जाहो करत नाही.

मीही ठाण्याचीच, चरईतली. रबाळ्याला लॅबमध्ये होते, इथे येऊन नऊ वर्षं झाली. काम रिंगस्किडीला, घर कॅरिगलाइनला.

आधी ती यादी मिट. 'पुसिलॅनिमस' हा शब्द नऊ वर्षांत मी एकदाही कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आणि याद्यांना अंत नसतो. 1936 साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा जाडजूड कोश चाळून माणसाच्या स्वभावाला नि वागण्याला लावता येतील असे शब्द वेचले. ते भरले जवळपास 18,000. तुझ्या रोज वीसच्या चालीने अडीच वर्षं. त्यातले कायमचा स्वभाव सांगणारे तेवढे निवडले तरी साडेचार हजार उरले होते. म्हणजे शब्दांना तोटा नाही. आपलं घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच: जे शब्द आपल्याला येतात असं आपण धरून चालतो, त्यांचं वजन इथे वेगळं पडतं.

माझंच सांगते. पहिल्या वर्षी बरोबरच्या एका टेक्निशियनबद्दल लेखी फीडबॅक द्यायचा होता. बाई अतिशय चांगली, कामाला वाघ, कसला म्हणून बडेजाव नाही. मी मनापासून लिहिलं, 'शी इज अ व्हेरी सिंपल अँड सिन्सिअर पर्सन.' मॅनेजरने मला बाजूला बोलावलं, खुर्ची दिली आणि फार हळुवारपणे विचारलं की तिच्या समजशक्तीबद्दल काही तक्रार आहे का. मला कळेना. मग उलगडलं. आपल्याकडे 'मुलगी सिंपल आहे' ही स्थळ बघतानाची दाद असते, पण इथे माणसाला 'सिंपल' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'डोक्याने कमी' असं वाटू शकतं. मला म्हणायचं होतं 'डाउन-टू-अर्थ' किंवा 'अनप्रिटेन्शस'. आणि 'सिन्सिअर' म्हणजे मनात एक नि ओठावर दुसरं असं नसलेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात बाई लिहायच्या तसं 'कामात चोख' नव्हे. त्यासाठीचा शब्द 'कॉन्शिएन्शस'. हा एक शब्द मात्र घोट. त्या 18,000 शब्दांना पुढे अनेकांनी चाळण्या लावत लावत स्वभावाचे पाच मोठे गुण ठरवले, त्यातल्या एका गुणाचं नावच यावरून आहे. उच्चारताना जोर 'एन'वर येतो. मी वर्षभर 'कॉन्शस' म्हणत होते, म्हणजे 'शुद्धीवर'.

असे आपले घरचे शब्द आणखी आहेत. 'आय अ‍ॅम व्हेरी फ्रँक' हे आपण अभिमानाने सांगतो. इथे ऐकणारा सावध होतो, कारण आता हा काहीतरी लागट बोलणार. 'अ‍ॅग्रेसिव्ह' आपल्याकडे सेल्सवाल्याच्या बायोडेटात शोभतं, इथे एचआरपुढे एखाद्याला तसं म्हणालीस तर ती तक्रार होते. 'होमली' तर सोडूनच दे. आपल्या वधूवर सूचकांतली संसारी मुलगी अमेरिकेत पोचली की 'रूपाने यथातथा' होते, आणि इकडे तो शब्द माणसापेक्षा घराला लावतात, घरपण असलेल्या.

पण सगळ्यात महागात पडला 'बोल्ड'. सहकारिणीच्या घरी रविवारच्या जेवणाला गेले होते. तिची पाच वर्षांची लेक खुर्चीवर उभी राहिली आणि दहा-बारा पाहुण्यांसमोर न लाजता अख्खं गाणं म्हणाली. मी टाळ्या वाजवत मोठ्यांदा म्हणाले, 'शी इज सो बोल्ड!' टेबल गप्प. आईचा हात सॅलडच्या वाडग्यावर तसाच राहिला. 'का, काय केलं तिने?' असं मला विचारून ती लेकीकडे वळली, आणि पोरीचा खालचा ओठ थरथरायला लागला. आयर्लंडमध्ये मुलाला 'बोल्ड' म्हणजे द्वाड, न ऐकणारं. शाळेत शिक्षा झाली की पोरं 'आय वॉज बोल्ड' असं सांगतात. मी धीट म्हणत होते, त्यांना वाटलं पोरीने मला चिमटा-बिमटा काढला. खुलासा झाल्यावर सगळे पोट धरून हसले, पण त्या मुलीने मला पुढे दोन भेटींत जवळ येऊ दिलं नाही. त्या दिवशी तिला 'कॉन्फिडंट' म्हणाले असते तरी चाललं असतं.

इथले खास शब्द आले की कान टवकार. 'साउंड' म्हणजे भला, भरवशाचा माणूस. 'ही इज साउंड' हे इथलं मोठं प्रशस्तिपत्र. 'डोट' म्हणजे लाघवी लेकरू किंवा गोड आजी. 'गॅस' म्हणजे हसवून मारणारा. 'कंट्रेरी', जोर 'ट्रे'वर, म्हणजे तिरसट, प्रत्येक गोष्टीला नाट लावणारा. गावाकडचा माणूस कोणाला 'क्यूट' म्हणाला तर लगेच गोड समजू नकोस, बहुधा बेरकी म्हणतोय. आणि 'शी हॅज नोशन्स' याला माझा आवडता मराठी प्रतिशब्द 'शेफारलीय'. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहायला गेल्यावर चरईची भाजीवाली महाग वाटायला लागते, त्या नोशन्स. हे शब्द ओळखायला शीक, पण पहिलं वर्षभर स्वतः वापरू नकोस. नवख्याच्या तोंडी ते उसने दागिने घातल्यासारखे वाटतात.

आपल्याला एक गोष्ट सोपी जाईल. इथे स्तुती आणि निंदा दोन्ही हात राखून करतात. 'ही इज नॉट द वर्स्ट' म्हणजे चांगलाच आहे. आत्या स्थळ बघून येऊन 'मुलगा बरा आहे' म्हणते ना, तसं. टीका करताना 'ही इज रूड' असं कोणी ऑफिसात म्हणत नाही. 'ही कॅन बी अ बिट अब्रप्ट' म्हणतात. यातल्या 'कॅन बी'ने स्वभावाचं कधीमधीचं वागणं होतं आणि 'अ बिट'ने धार बोथट होते. आपला 'जरा' हेच काम करतो: 'जरा तुसडे आहेत हो, बाकी मनाने चांगले.' मराठीत हे तू रोज करतेस. इंग्रजीत आलं की मात्र आपण परीक्षेतल्यासारखं ठोक विशेषण फेकून मोकळे होतो. उलट दिशेनेही लक्ष ठेव. बॉस तुझ्याबद्दल 'अ बिट पर्टिक्युलर' म्हणाला तर खूश होऊ नकोस, 'फारच कटकट करते' असं सुचवतोय. आणि एखाद्याबद्दल 'डझन्ट सफर फूल्स ग्लॅडली' असं ऐकलंस तर त्या माणसापुढे पाच मिनिटं आधी तयारी करून जा. शब्द जुन्या इंग्रजी बायबलमधले आहेत, अर्थ निघतो 'यांचं डोकं लवकर फिरतं'.

विशेषणं निवडताना आणखी एक पाहायचं: बोलणारा कोणाच्या बाजूचा आहे. आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं. आपला माणूस 'थ्रिफ्टी', परका 'स्टिंजी'. आपला 'डिटरमिन्ड', परका 'स्टबर्न' किंवा 'पिगहेडेड'. आपली 'असर्टिव्ह', परकी 'पुशी' नाहीतर 'बॉसी'. (हा 'बॉसी' बायकांच्याच वाट्याला जास्त येतो, याची चीड इथल्या बायकांनाही आहे.) वागणं तेच, फक्त शब्दाचा रंग बदलतो. म्हणून शब्द एकटा पाठ करू नकोस, जोडी कर. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशात अशा कित्येक शब्दांपुढे 'अप्रूव्हिंग' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' अशी खूण असते, वेबसाइटवर फुकट दिसते. अर्थाच्या आधी ती खूण वाच.

आता सुरुवात कुठून करायची? इंग्रजी यादीतून नाही, मराठीतून. माणसं ओळखायला तू मराठीत शिकलीस, आणि या बाबतीत मराठी काही दरिद्री नाही: भोचक, आगाऊ, भिडस्त, घुम्या, वेंधळा, खमकी, साळसूद, मिश्कील, आतल्या गाठीचा. यातला एकेक शब्द घेऊन त्याचा इंग्रजी जोडीदार शोध. भोचक म्हणजे 'नोझी', अगदी चपखल. वेंधळी म्हणजे 'स्कॅटरब्रेन्ड'. खमकी म्हणजे 'नो-नॉनसेन्स', आणि वयाने मोठी, वजनदार असेल तर 'फॉर्मिडेबल'. मिश्कील म्हणजे 'इम्पिश'. घुम्याला 'टॅसिटर्न' म्हणता येईल, पण तो कोरडा शब्द, घुम्याच्या पोटात जे साठलेलं असतं ते त्यात नाही. बोलताना 'यू नेव्हर नो व्हॉट ही इज थिंकिंग' हेच बरं.

भिडस्तावर मी तासन् तास घालवलेत. 'शाय' नव्हे, कारण भिडस्त माणूस गप्पिष्ट असू शकतो. 'डिफिडंट' म्हणजे स्वतःवर भरवसा नसलेला, तेही नव्हे. 'पीपल-प्लीझर'ला अलीकडे रोगाचा वास येतो. शेवटी एका शब्दाचा नाद सोडला आणि म्हणायला लागले, 'ही फाइन्ड्स इट हार्ड टू से नो.' कुणालाही कळतं. जिथे शब्द मिळत नाही तिथे वाक्य करायचं, त्यात कमीपणा नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. वेळ जाणार असेल तर उघड, साहेबाने आपल्या शब्दांच्या छटा टिपायला घेतलेली मेहनत पाहून गंमत वाटते. तिथलं इंग्रजी मात्र इथे बोलू नकोस. दुसरी आवृत्ती 1857 ची आहे.

विशेषणांइतकीच क्रियापदंही लागतात, आणि याद्या ती सोडून देतात. आपण 'ही सेड अँग्रिली' म्हणतो. इंग्रज माणूस 'ही स्नॅप्ड' म्हणतो. मराठीतही आपण 'रागाने म्हणाला' कुठे म्हणतो? खेकसला म्हणतो. 'मटर' म्हणजे पुटपुटणं, 'ग्रंबल' म्हणजे कुरकुरणं, 'ब्लर्ट आउट' म्हणजे भसकन बोलून जाणं, 'रॅम्बल' म्हणजे पाल्हाळ लावणं, 'फिजिट' म्हणजे चुळबुळणं. इथे वर एक 'गिव्हिंग आउट' आहे. पहिल्या महिन्यात कोणीतरी म्हणालं, 'शी वॉज गिव्हिंग आउट टू मी', तर मी विचारलं, काय वाटत होती? ती ओरडत होती.

सराव तुझ्या रोजच्या गाडीत कर. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून वाशी लोकल पकडतेस, कोपरखैरण्यापर्यंत दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली अशी चार स्टेशनं मधे लागतात. प्रत्येक दोन स्टेशनांत एक बाई. चौथ्या सीटसाठी 'जरा सरका' न म्हणता नुसती कोपराने जागा करणारी. पर्स तीनदा उघडून पास शोधणारी. फोनवर सुनेबद्दल बोलताना आवाज खाली आणणारी. एक विशेषण, एक क्रियापद आणि ते विशेषण का लावलं याचा एक पुरावा, एवढंच मनात जुळव. दोन महिन्यांत चाळीस शब्द पक्के झाले तरी भरपूर.

पुरावा म्हणते, कारण तुझा इंटरव्ह्यू तिथेच अडला. 'हार्डवर्किंग' सगळेच म्हणतात. त्याऐवजी एक शब्द आणि एक प्रसंग. मी आज उत्तर दिलं तर म्हणेन, लोक मला 'अनफ्लॅपेबल' म्हणतील, आणि मग सांगेन की ऑडिटच्या सकाळी एचपीएलसी हे लॅबमधलं तपासणीचं यंत्र बंद पडलं तेव्हा मी आधी लॉगबुक उघडलं, मग फोन केला, आणि आवाज चढवला नाही. 'अनफ्लॅपेबल' म्हणजे काहीही झालं तरी न गडबडणारी. शब्द फार अवघड नाही, पण प्रसंगाशिवाय फुशारकी वाटेल. तू स्वतःसाठी 'मेथॉडिकल' घे. तुझा मेसेजच सांगतो, प्रश्नांना नंबर घालून पाठवलेस.

क्लासचं विचारलंस. आयल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये शब्दसंपदेला चौथा हिस्सा गुण असतात, आणि दुसऱ्या भागात कधी कधी एखाद्या व्यक्तीबद्दल बोलायला सांगतात, म्हणून क्लासवाले ही विशेषणं घोकून घेतात. तुझी परीक्षा झालीय. ती फी ठेव, इथे पावसाचं चांगलं जॅकेट लागेल. आपल्याकडची छत्री कॉर्कच्या वाऱ्यात पहिल्याच आठवड्यात उलटी होते.

रविवारपर्यंत तुमच्या सोसायटीतल्या पाच जणांची दोन-दोन वाक्यं इंग्रजीत लिहून पाठव, मी तपासते. सेक्रेटरी सोड, मेसेजमध्ये त्यांच्याबद्दल जे लिहिलंस त्यावरून त्यांचा शब्द मीच देते: 'ऑफिशियस'. 'ऑफिशियल' नव्हे. नको तिथे अधिकार गाजवत फिरणारा.