द्विनेत्रीतून गुरूचे तीनच चंद्र का दिसले? चौथा कुठे गेला?

आपण १०×५० च्या (म्हणजे दहापट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांच्या) द्विनेत्रीतून गुरू पाहिलात, त्याच्याजवळ एका रेषेत तीनच ठिपके दिसले आणि द्विनेत्रीत काही दोष आहे का, असे आपण विचारले आहे. दोष मुळीच नाही. ७ जानेवारी १६१० रोजी इटलीतील पडुआ येथे गॅलिलिओने सुमारे वीसपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून गुरू पाहिला, तेव्हा त्यालाही तीनच ‘तारे’ दिसले होते, कारण गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी (आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो) आयो आणि युरोपा त्या रात्री इतके जवळ आले होते की ते त्याला वेगळे ओळखता आले नाहीत. चौथ्याची नोंद त्याने १३ जानेवारीला केली.

हे चारही चंद्र गुरूच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरतात आणि ती पातळी आपल्याला जवळजवळ कडेने दिसते, म्हणून ते रेषेत मांडल्यासारखे वाटतात. त्यामुळेच एखादा गुरूच्या पुढे, मागे किंवा त्याच्या सावलीत असला की दिसेनासा होतो. द्विनेत्रीत मात्र खरी अडचण असते ती गुरूच्या झळाळीची. एरवी हे चंद्र नुसत्या डोळ्यांनीही दिसावेत इतके तेजस्वी आहेत. गॅनिमीड तर बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे. पण आयो गुरूपासून गुरूच्या तीन व्यासांइतकाही दूर जात नाही, त्यामुळे बहुतेक वेळा हरवलेला चौथा तोच असतो. कॅलिस्टो मात्र पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या एक तृतीयांश इतक्या अंतरापर्यंत जातो. तो सहज सापडतो.

झळाळी कमी करण्यासाठी मी सूर्यास्तानंतर आकाश पुरते काळे होण्याआधीच पाहायला सुरुवात करतो. दुसरे म्हणजे, हात टेकवल्याशिवाय पाहू नका. दहापट मोठे दिसते तसा हाताचा कंपही दहापट होतो. गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून मी त्यावर कोपरे रोवतो. आधी वेड्यावाकड्या रेघा दिसतात, मग श्वास सावकाश सोडला की त्यांचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होतात. तिपाई असेल तर फारच उत्तम. गुरू क्षितिजालगत असताना हवा थरथरते, तेव्हा तो वर येईपर्यंत थांबावे.

आणि कृपा करून वही ठेवा. मधे एक वर्तुळ, दोन्ही बाजूंना ठिपके, तारीख आणि वेळ, एवढे पुरे. आयोची प्रदक्षिणा साडेबेचाळीस तासांत होते, युरोपाची साडेतीन दिवसांत, गॅनिमीडची सात दिवसांहून किंचित जास्त काळात, तर कॅलिस्टोला जवळपास सतरा दिवस लागतात. म्हणून एका रात्रीतही चित्र बदलते. माझ्या वहीत जानेवारीतल्या एका रात्रीची आठ वाजताची आकृती तीन ठिपक्यांची आहे, आणि तिच्याखाली पहाटे दोनच्या आकृतीत पश्चिमेकडे, वर्तुळाला जवळजवळ चिकटून, चौथा ठिपका आहे.