मनातला ‘कडूपणा’ मराठी आहे का?

शाहूपुरीतून एका ताईंनी विचारलंय: ‘आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यांच्या घरच्या प्रार्थनेत “बापा, माझ्या मनातला कडूपणा काढून टाक” असं नेहमी कानावर येतं. कारलं कडू असतं, मन कसं कडू? हे इंग्रजीवरून उचललंय का? “कटुता” हा चांगला शब्द असताना तो का वापरत नाहीत?’

ताई, मी त्याच समाजात वाढलो, तेव्हा उत्तर जरा घरगुती होईल.

इंग्रजीवरून नाही. शब्द आलाय पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, 31व्या वचनात, काय काय दूर करायचं त्याची यादी आहे: कडूपण, संताप, क्रोध, गलबला, निंदा. (गलबल्याला आमच्याकडं ‘कालवा’ म्हणतात, पण तो भाषांतरकारांना कोण सांगणार!) पहिला मान कडूपणाला आहे. मूळ ग्रीक शब्द पिक्रिया. पिक्रोस म्हणजे आधी टोकदार, बोचणारा, मग जिभेला झोंबणारा आणि शेवटी कडू.

गंमत अशी की आपला ‘कडू’ही याच वाटेनं आलाय. संस्कृत कटुक, प्राकृत कडुअ, मराठी कडू. पण आयुर्वेदाच्या सहा रसांत कटु म्हणजे आपलं तिखट: मिरी, सुंठ वगैरे. कडुनिंबाचा रस तो तिक्त. मराठीत कटूचं कडू झालं आणि झोंबणाऱ्या चवीसाठी तीक्ष्णपासून ‘तिखट’ आला. रागाचंही असंच होतं बघा. तांबड्या रश्श्याचा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी येतं आणि पुढच्या वाटीला माणूस विसरतो. ताजा राग तसा असतो. तो मुरला की चव बदलते.

‘कटुता’ चुकीचा नाही, पण ती दोघांत असते. ‘दोन गटांत कटुता आली’ असं पेपरात येतं. कडूपणा एकट्याचा. ज्याच्याबद्दल आहे त्याला पत्ताही नसतो, तो मजेत मिसळ खात असतो. प्रार्थना करणारा स्वतःच्या मनाबद्दल बोलतोय, म्हणून तिथं कडूपणाच बसतो.

याच धर्तीचं दुसरं वचन इब्री लोकांस पत्रात आहे (12:15). कडूपणाचं मूळ वर फुटून पुष्कळांना बाधू नये, अशा अर्थाचं. हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘कडू बेणं’ ही आपली शिवीच आहे, आणि बेणं म्हणजे काय ते ऊस लावणाऱ्याला विचारा. ऊस तोडून कारखान्याला गेला तरी बुडखा जमिनीत राहतो, त्याला फुटवे येतात, खोडवा उभा राहतो. भांडण मिटलं म्हणून सांगतात आणि वर्षानं तेच भांडण उभं राहतं, ते खोडव्याचंच पीक. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून धरलं तर ही शास्त्राची मराठी आणि रानातली मराठी इथं शेजारी शेजारी नांदतायत.

आता क्रियापदांकडं येतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथं आहे. मराठीत राग ‘येतो’. ‘मला राग आला’ यात मी कर्ता नाही, पाहुणा आल्यासारखा तो येतो. पण ‘मी राग धरला’, ‘त्यानं आकस धरला’ यात कर्ता मी, हात माझा. इफिसच्या त्याच अध्यायात आधी म्हटलंय की रागावा, पण पाप करू नका, आणि तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. येण्याला मनाई नाही. मुक्कामाला आहे.

माझ्या वडिलांचं आणि धाकट्या चुलत्यांचं, म्हणजे तात्यांचं, बांधावरून वाजलं होतं. तात्यांनी नांगरताना बांध हातभर आत कोरला. तीन वर्षं बोलणं बंद. मी आठवीत असेन. शनिवारी संध्याकाळी आई भाकरी थापता थापता म्हणाली, “उद्या प्रभुभोजन हाय. तात्यांकडं जाऊन या.” (प्रभुभोजन म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी.)

“मी कुठं राग धरलाय?” वडील.

“धरला न्हाई तर सोडायला काय जातंय?”

यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. दान वेदीपुढं ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन त्यांना पाठ होतं, तेच आडवं आलं असणार. सायकल काढली. तासाभरानं आले, चहा मागितला आणि एवढंच म्हणाले, “सोडलं.”

राग पुल्लिंगी, बांधही पुल्लिंगी, जमीन स्त्रीलिंगी. मग ‘सोडलं’ काय? वडिलांनी व्याकरणाचा विचार केला नसणार, ज्याचं नाव घ्यायचं नसतं ते मराठीत नपुंसकलिंगात जातं. पण दर रविवारी म्हणतो त्या प्रभूच्या प्रार्थनेत मला ते पुढं सापडलं. आम्ही जसे आमच्या ऋण्यांना सोडले, तशी तू आमची ऋणे सोड. मत्तयात ऋण आहे, लूकमध्ये त्याच जागी पाप. ‘सोड’साठी ग्रीक क्रियापद अफिएमि, अर्थ हाच: सोडणे, जाऊ देणे. क्षमा ज्या क्षम् धातूपासून आली त्यात सोसणं आहे. माफी अरबीतून आली, तिच्या मुळाशी पुसून टाकणं आहे, आणि आपण ती सारामाफी, कर्जमाफीला वापरतो म्हणून ऋणाच्या जास्त जवळची. तरी प्रार्थनेतलं ‘सोडणं’ मला सरस वाटतं, कारण ‘धरण्या’चा नेमका उलटा शब्द तोच.

बांध होता तिथंच राहिला, हे सांगायला हवं. वडील त्यानंतरही तात्यांवर रागवायचे, अगदी पाण्याच्या पाळीवरूनसुद्धा. पण जेवायला बोलवायचे.

राहता राहिलं रूप. छापील शास्त्रात ‘कडूपण’ आहे, बोलण्यात ‘कडूपणा’. दोन्ही बरोबर. ‘कडवटपणा’ मात्र तिथं घालू नका, कडवट म्हणजे थोडंसंच कडू, आणि थोडंसं काढण्यासाठी कोण कशाला गुडघे टेकेल?