खिशात मावेल तोच

प्रश्न : नाशिकला बुधवारच्या गोदाघाटावरच्या बाजारात आणि भांडी बाजाराच्या गल्ल्यांत मी फोटो काढते. डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, पिशवीतून निघाला की भाजीवाल्या मावशी पदर सारखा करून बसतात, फोटो गेलाच. रिको जीआर ३, फुजी एक्स १०० सहा आणि सोनी आरएक्स १०० मार्क ३ या लहान कॅमेऱ्यांत अडकले आहे. कोणता घेऊ?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : फुजी देखणा आहे, ४० मेगापिक्सेलचा आहे, भर उन्हात त्याचा व्ह्यूफाइंडर कामाला येतो. पण ५२१ ग्रॅमचा हा ऐवज खिशात जात नाही, गळ्यात येतो. मग मावशींचा पदर पुन्हा आलाच.

सोनी २९० ग्रॅमचा, २४ ते ७० झूम. माझं भांडण या झूमशीच आहे. हाताशी झूम असला की माणूस रस्त्याच्या पलीकडेच उभा राहतो. शिवाय सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, एक इंची, म्हणजे लहान; भद्रकालीत दिवेलागणीनंतर फोटोत दाणे लवकर दिसू लागतात.

मी रिको घेईन. २५७ ग्रॅम, आणि सेन्सर तुमच्या डीएसएलआरएवढा. त्यातलं स्नॅप फोकस म्हणजे अंतर आधीच ठरवून ठेवायचं. अडीच मीटर, एफ ८ (म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक). मग साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. तांब्यांच्या उतरंडीमागून दुकानदार मान वर काढतो तो क्षण फोकस शोधत बसलात तर हुकतो. इथे बटण एका दमात खाली दाबायचं. घरात टेपने अडीच मीटर मोजून बघा. माझ्याकडे ते उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत भरतं, त्यामुळे बाजारात टेप लागत नाही.

जीआर ३चं भिंग २८ मिमीचं, त्यात दृश्य जास्त रुंद मावतं; जीआर ३ एक्सचं ४०चं. यातला आपला कोणता, ते विकत घेण्याआधी कळतं. तुमच्या डीएसएलआरवर १८ म्हणजे साधारण इथलं २८, आणि २६ म्हणजे ४०. तेव्हा १८-५५ लेन्सचं कडं १८वर चिकटपट्टीने बांधा, एक बुधवार तसाच काढा. पुढच्या बुधवारी २६वर. ज्या दिवशी पट्टी सोडवावीशी वाटली नाही, तो तुमचा.

बॅटरी मात्र दोनशे फोटोंत मान टाकते, जास्तीच्या दोन घ्या. आणि धूळ सांभाळा. रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या हौदाजवळ, मी माझा जुना खिशातला कॅमेरा तसाच, पाकिटाशिवाय, झब्ब्यात ठेवला होता. कोरडा गुलाल भिंगाच्या फटीतून आत गेला आणि पुढचे दोन महिने माझ्या प्रत्येक आभाळाला देवी आल्या. भिंग निघत नाही, त्यामुळे आतला सेन्सर घरी पुसताही येत नाही. जीआरही धूळरोधक नाही, तेव्हा चेनचं पाकीट हवंच.

२०२५मध्ये जीआर ४ आल्यामुळे वापरलेला जीआर ३ कुणी दाखवला, तर एफ १६वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून मोठा करून बघा. ठिपके दिसले, म्हणजे आत धूळ गेलेली असली, तर चहा पिऊन उठा, किमतीचं बोलूच नका.