बीकॉमनंतर डेटा सायन्स शिकायचंय, कोडिंग येत नाही, कोणता ऑनलाइन कोर्स करू?

तुम्ही लिहिलंय की एक्सेल बऱ्यापैकी येतं, कोडिंग शून्य, आणि एक क्लासवाले लाखभर फी सांगतायत, तर भरू का. माझं स्पष्ट मत, आत्ता एक रुपयाही भरू नका. मी डेटाचंच काम करतो आणि नवीन मुलांचे इंटरव्ह्यूही घेतो, सुरुवातीला जे लागतं ते सगळं फुकट मिळतं आणि चांगलं मिळतं.

आधी फक्त पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. हार्वर्डच्या डेव्हिड मलान यांचा सीएस50पी हा पायथनचा ऑनलाइन कोर्स घ्या. त्याची खरी मजा लेक्चरमध्ये नाही, प्रॉब्लेम सेटमध्ये आहे, ते स्वतः सोडवायचे, चेकर लगेच सांगतो कुठे चुकलं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर माधवन मुकुंद सरांचा पायथनचा कोर्सही उत्तम आहे पण त्यात अल्गोरिदमवर (प्रश्न पायरी-पायरीने सोडवायच्या पद्धतींवर) भर जास्त, तो नंतर केला तरी चालेल. मग कॅगल लर्न या साइटवरचे पांडास (पायथनमध्ये तक्ते हाताळायचं साधन) आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), छोटे कोर्स आहेत, पटकन होतात. एसक्यूएल मात्र टाळू नका हां, ॲनालिस्टच्या नोकरीत रोज तेच लागतं.

आता महत्त्वाचं. कोर्समधला डेटा बहुतेक वेळा धुऊनपुसून दिलेला असतो, खरा तसा नसतो. म्हणून पांडास जरा हातात बसलं की ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी साइटवरून लासलगावच्या कांद्याचे दोन-तीन वर्षांचे भाव उतरवून घ्या, किमान, कमाल आणि मोडल भाव (ज्या भावाला सगळ्यात जास्त माल विकला गेला तो), रुपये प्रति क्विंटल. समजा फाईलमध्ये तारीख 03/04/2023 अशी आहे, म्हणजे 3 एप्रिल, पण पांडासला डेफर्स्ट ट्रू (म्हणजे आधी दिवस, मग महिना) सांगितलं नाही तर तो ती 4 मार्च धरतो आणि दरवेळी एरर येईलच असं नाही, ग्राफ गपचूप चुकू शकतो. भाव 1,250 असा स्वल्पविरामासकट असेल तर पांडास तो आकडा नाही, अक्षरं समजतो, सरासरी काढायला गेलात की अडतं, तिथे फाईल वाचणाऱ्या रीड सीएसव्ही या कमांडला थाउजंड्समध्ये स्वल्पविराम सांगावा लागतो. बाजार बंद असतो ते दिवस फाईलमध्ये नसतातच, मग ते मोकळे ठेवायचे की आधीचा भाव पुढे ओढायचा हे तुम्हीच ठरवायचं आणि का ते लिहून ठेवायचं. हे सगळं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि दाखवायच्या साइटवर, टाका. इंटरव्ह्यूत मी सर्टिफिकेटवर वेळ घालवत नाही, अशा फाईलवर मात्र अर्धा तास बोलतो, आणि ज्याने स्वतः केलंय तो लगेच कळतो.

मशीन लर्निंगची (डेटावरून अंदाज बांधायला संगणकाला शिकवण्याची) घाई नको, वरचं जमलं की कॅगलवरच त्याचाही कोर्स आहे. लॅपटॉप जुना असला तरी काळजी करू नका, गूगल कोलॅबवर पायथन ब्राउझरमध्येच चालतं, सुरुवातीच्या कामाला फुकटातलं भरपूर होतं.